सत्तेचाळीस नंबरचे अडतीस दिवस

सहादेव सुरवसेच्या आयुष्यात खाडा नावाची गोष्ट नव्हती. खर्ड्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला त्याची तीस-पस्तीस घरांची वस्ती. तिथं गावकीचं काम निघालं, म्हणजे आडातला गाळ काढायचा असो की ओढ्याचा फुटलेला बांध घालायचा असो, कोतवाल ओरडत जाई, "घरटी एक मानूस!" आणि सुरवश्यांच्या घरातून एक माणूस जाई. बहुधा तो सहादेवच असे. एका साली तो तापानं फणफणला तेव्हा त्याची आई मनकर्णा पाटी घेऊन गेली. आई वारली त्या वर्षी बायको रतनबाईनं पाटी उचलली. कोतवाल माणसं मोजी, तोंडं बघत नसे. घर आलं म्हणजे आलं. हा नियम कुठंही लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो मोडण्याची कुणाला सोय नव्हती.

लिहिलेल्या नियमांशी सहादेवची गाठ पडली ती चाळिशीला टेकल्यावर, एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर. त्याला कारण एक उतार आणि एक ऊसतोडीची गाडी.

दरसाल दिवाळी झाली की सहादेव आणि रतनबाई बैलगाडी जुंपून कोपरगावकडे ऊस तोडायला जात. श्रीमंत मुकादमाची टोळी, वीस गाड्या. घरचं रान चार महिने पोटाला पुरे, उरलेले आठ महिने कोपरगावचं रान पुरवी. घरात तिसरा माणूस म्हणजे धाकटा भाऊ कानिफनाथ. हा सहादेवपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान, म्हणजे नात्यानं भाऊ आणि व्यवहारात लेकच. तो मॅट्रिक झाला, मग प्री-डिग्री झाला, आणि आता नगरच्या एका नव्या कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होता. राहायला भिंगारात, थोरली बहीण रंगूबाईकडे. बी. ए. म्हणजे नक्की काय, हे सहादेवला ठाऊक नव्हतं. तो एक बोळ, त्यात माणूस एका टोकानं शिरतो आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडला की पुन्हा हातात कोयता धरत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. तेवढं पुरेसं होतं.

त्या साली टोळी नगरच्या अलीकडे चिचोंडीच्या उताराला लागली आणि सहादेवची गाडी कलंडली. बैल सावरले, रतनबाईनं उडी मारली, सहादेवचा डावा पाय तेवढा गाडीखाली राहिला. सिव्हिल हॉस्पिटलात गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे बसून राहायचं. सहादेव आयुष्यात आठ तास बसून राहिला नव्हता.

टोळी काही आठ आठवडे थांबणार नव्हती. कानिफनाथ भिंगारहून आला आणि खाटेच्या पायथ्याशी बसला.

"दादा, गाडी मी घिऊन जातो. वयनी एकली काय करंल? येक वरीस सोडतो. पुढल्या साली बघू."

"सोडतो म्हंजी? निम्मं झालंय नव्हं?"

कानिफनाथनं समजावून सांगितलं. वर्षाच्या दोन टर्म असतात. पहिली भरली होती. दुसरी दिवाळीनंतर सुरू होऊन फेब्रुवारीच्या शेवटी संपणार. कॉलेजच्या छापील पुस्तकात लिहिलंय की टर्ममध्ये पाऊणपट हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नाही, आणि टर्म मिळाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

"आन् हजेरी भरायची म्हंजी तितं जाऊन करायचं काय?"

"बसायचं."

"आन्?"

"ऐकायचं."

"वजं उचलायचं?"

"न्हाई वो दादा. बाकावर बसायचं. सकाळचे चार तास."

सहादेवनं प्लॅस्टरकडे पाहिलं. डॉक्टरनं अगदी हेच औषध लिहून दिलं होतं.

"तसं माझा दोस्त हाय सूर्यभान," कानिफनाथ म्हणाला, "त्यो माझी हजेरी लावंल थोडी. माझा नंबर पुकारला की आवाज बदलून 'यस सर' म्हनायचं. समदेच करत्यात."

"आन् तुझ्या जागंवर कोन बसतं?"

"कोनी न्हाई."

सहादेव उठून बसला. पाय दुखला, पण तो बसला. "नुसता आवाज? मानूसच न्हाई? ही चोरी झाली, कान्या. गाळ काढायला कुनी मानसाऐवजी नुसती हाळी पाठवली असती तर वस्तीनं त्येला पानी भरू दिलं असतं का? त्यो सूर्यभान काय करतो ते त्याच्यापाशी. तू माझ्या जागी उसात जा. मी तुझ्या जागी बसतो. घरातला मानूस बसला म्हंजी झालं."

कानिफनाथनं तोंड उघडलं. पण ज्या माणसानं आपल्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याला 'हे तुला कळत नाही' असं सांगायचे शब्द प्री-डिग्रीपर्यंतच्या अभ्यासक्रमात नव्हते. शिवाय त्याच्या मनात आलं, पहिल्याच दिवशी शिपाई फाटकावरून परत पाठवील आणि दादाला आपोआप कळेल. तो वहिनीबरोबर गाडी घेऊन निघून गेला.

शिपायानं परत पाठवलं नाही, सलाम केला. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात काठी आणि चेहऱ्यावर जबाबदारी, असा माणूस सकाळी सव्वासातला कॉलेजात येतो तेव्हा तो संस्थेचा संचालक असतो, हा शिपायाचा अनुभव होता. संचालकांपैकी निम्मे असेच दिसत. फक्त ते जीपमधून उतरत आणि हा सायकलच्या कॅरिअरवरून उतरला होता, प्लॅस्टरचा पाय पुढं बंदुकीसारखा ताठ धरून. सायकल रंगूबाईच्या नवऱ्याची. छगन छावणीत पाण्याच्या पंपावर कामाला होता. मेहुण्याला रोज सकाळी फाटकाशी सोडून तो कामावर जाई आणि दुपारी घेऊन जाई.

"मेव्हनं," छगन पहिल्या दिवशी म्हणाला होता, "पंपावर माज्या जागी तुमी उभं राह्यला तर चालंल का?"

"न्हाई, दाजी."

"मंग?"

"पंप मला चालवता येत न्हाई. बसता येतंय."

छगननं यावर भिंगार ते कॉलेज विचार केला आणि फाटकाशी सायकल थांबवली.

सहादेवनं वर्गाच्या दाराबाहेर वहाण काढली. एकच होती, दुसऱ्या पायाला प्लॅस्टर. मग तो पहिल्या बाकावर जाऊन बसला, कारण पहिला बाक मोकळा होता. वर्गात सव्वाशे नावं आणि सत्तर-ऐंशी तोंडं. तास अर्थशास्त्राचा, प्राध्यापक खासनीस. हे सव्वीस वर्षांचे गृहस्थ जूनमध्येच पुण्याहून आले होते. चष्मा जाड आणि बोलताना नजर मागच्या भिंतीवर. मुलांची त्यांना जरा भीती वाटत असे.

हजेरी नंबरानं होई. "पंचेचाळीस?" "यस सर." "सेहेचाळीस?" "यस सर." "सत्तेचाळीस?"

"हजर हाय!" सहादेव एका पायावर उभा राहून म्हणाला.

वर्ग हसला. खासनिसांनी भिंतीवरून नजर खाली आणली. "आपण?"

"सत्तेचाळीस, साहेब."

"नाव?"

"सुरवसे."

खासनिसांनी यादी पाहिली. क्रमांक ४७, सुरवसे. शिक्षणाला वयाची अट नसावी, असं त्यांनी महिन्यापूर्वीच एका भाषणात सांगितलं होतं. "बसा, बसा," ते म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं. सहादेवनं एक शब्द खोटा सांगितला नव्हता, आणि त्यानंतरही कधी सांगितला नाही. पूर्ण नाव त्याला कुणी विचारलंच नाही.

अशी त्याची हजेरी सुरू झाली. दिलेलं काम मन लावून करायचं ही त्याची खोड, आणि इथलं काम होतं ऐकणं. इतिहास त्याला आवडला. त्यात राजे रजा न घेता लढत. इंग्रजीच्या तासाला तो देवळात बसल्यासारखा बसे, समजण्याची अपेक्षा न ठेवता. पण त्याचं मन रमलं ते अर्थशास्त्रात. तिथं सगळं ओळखीचं होतं, फक्त नावं नवी होती.

एके दिवशी खासनीस घटत्या उपयोगितेचा सिद्धान्त सांगत होते. माणसाला भूक लागली आहे. त्यानं पहिला आंबा खाल्ला, फार समाधान झालं. दुसरा खाल्ला, थोडं कमी. तिसरा, आणखी कमी. पाचव्या आंब्याला समाधान शून्यावर येतं.

सहादेव उभा राहिला. "साहेब, येक इचारू?"

गेल्या पाच महिन्यांत खासनिसांना वर्गात कुणी काही विचारलं नव्हतं. "विचारा ना!"

"ह्यो पाचवा आंबा ह्येला कुनी दिला?"

"कुणी दिला असं नाही. समजा, त्याच्याकडे आहे."

"समजलो. पन आमच्याकडं कुनाची मजल दुसऱ्या आंब्याच्या म्होरं गेल्याली न्हाई. दुसऱ्याला त्येचं समाधान वाढतंय. कारन पहिला त्येला खराच वाटत न्हाई."

वर्ग हसला, पण खासनीस हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उदाहरण बदललं. आंब्याच्या जागी भाकरी आली. सहादेव म्हणाला, भाकरीला लागू पडतंय, पन सुगीत. खासनिसांनी तेही लिहून घेतलं. हळूहळू ते मागच्या भिंतीकडे बघायचे थांबले आणि पहिल्या बाकाकडे बघून शिकवू लागले. त्यामुळे त्यांचं शिकवणं कळू लागलं, असं मुलंच एकमेकांत म्हणत.

अडचण एकच झाली. आठवड्याभरातच एकदा हजेरी चालू असताना सहादेव उठला.

"साहेब, येकोनपन्नास आल्याला न्हाई. आवाज आठ्ठेचाळीसचा हाय."

अठ्ठेचाळीस म्हणजे सूर्यभान. तो शेजारीच बसला होता आणि त्यानं रुमालातून फार मेहनतीनं आवाज काढला होता.

"काका, तुमी पन?" सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला. "तुमी तर आमच्या कानिफच्या..."

"मी बसलोय हितं," सहादेव म्हणाला. "तुज्या येकोनपन्नासचं कोन बसलंय, दाव."

सूर्यभाननं विचार केला. कानिफनाथचा सगळा डाव उघडा करता आला असता, पण दोस्ताचं वर्ष आणि शेजारच्याची काठी, दोन्हींचा मान ठेवून तो गप्प राहिला. त्या दिवसापासून वर्गात आवाज काढणं बंद झालं. जो बसला तोच बोले. याचा परिणाम असा झाला की खासनिसांच्या तासाची हजेरी शंभरावरून सत्तरावर आली.

ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली गहिनीनाथच्या. गहिनीनाथ म्हणजे कॉलेजचा हजेरीचा कारकून. पूर्वी बारा वर्षं तो एका ठेकेदाराकडे मजुरांचं मस्टर लिहीत होता. प्रत्येक तासाची हजेरी त्याच्याकडे येई आणि तो तिचे दिवस करून मोठ्या वहीत चढवी. एवढी गैरहजेरी त्याला घाबरवून गेली. विद्यापीठाची माणसं तपासणीला आली तर काय म्हणतील? त्यानं प्राचार्यांच्या सहीनं सूचनाफलकावर कागद लावला : 'विद्यार्थ्यांच्या उपस्थितीत चिंताजनक घट झाली आहे. क्र. ४७ (एफ. वाय. कला) यांची उपस्थिती शंभर टक्के आहे. इतरांनी त्यांचा आदर्श घ्यावा.' सहादेवनं चौथीपर्यंत शिकलेल्या डोळ्यांनी तो कागद सावकाश वाचला. घराचं नाव निघालं होतं. त्याला बरं वाटलं.

डिसेंबरात लढाई लागली. भिंगारात काचांना काळे कागद चिकटवले गेले आणि छगन अचानक शिस्तीचा झाला. "मेव्हनं, पलटनीत असलं बदलीचं चालत न्हाई बरं का. ज्येचं नाव, त्येचीच छाती."

"पलटनीचं खरं हाय, दाजी. तितं गोळी नाव बघून येती. हितं नंबर बघून इचारत्यात."

लढाई दोन आठवड्यांत संपली. सहादेवचा एकही तास बुडाला नाही.

जानेवारीच्या दहा तारखेला सिव्हिलमध्ये प्लॅस्टर कापलं. पाय बारीक झाला होता पण सरळ होता. आता उसात जायचं आणि कानिफनाथला परत पाठवायचं. पण सहादेव न सांगता जाणारा माणूस नव्हता. पाळी संपली की पुढच्याच्या हातात फावडं द्यायचं आणि मगच घरी जायचं, ही वस्तीची रीत. दुसऱ्या दिवशी तास सुटल्यावर तो दोन्ही पायांत वहाणा घालून थेट गहिनीनाथच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"बोला पाव्हणं. काय काम?"

"चार्ज द्यायचाय."

"कसला चार्ज?"

"सत्तेचाळीस नंबरचा. आजपतूर मी हुतो, उद्यापासनं माजा भाऊ यील. तेवढं लिहून ठिवा, मागनं घोळ नगं."

गहिनीनाथनं पेनाला टोपण लावलं. "भाऊ कोण?"

"कानिफनाथ. त्येचंच नाव हाय की तुमच्याकडं."

"आणि तुम्ही?"

"मी सहादेव. थोरला."

"मग इतके दिवस वर्गात कोण बसत होतं?"

"मीच. आडतीस दिवस. येक खाडा न्हाई. वही काढून बघा."

गहिनीनाथनं वही काढून पाहिली. अडतीस दिवस, एक खाडा नाही. बारा वर्षांच्या मस्टरात त्यानं मेलेली माणसं हजर पाहिली होती, एकाच वेळी दोन बंधाऱ्यांवर खपणारी माणसं पाहिली होती. पण त्यांच्यापैकी चार्ज द्यायला कुणी आलं नव्हतं.

"चला," तो म्हणाला. त्यानं वही काखेत मारली. "साहेबांकडे चला."

प्राचार्यांनी आधी गहिनीनाथचं ऐकलं, मग सहादेवचं ऐकलं, मग पाणी प्यायले. खासनिसांना बोलावणं गेलं.

"खासनीस, हा विद्यार्थी नाही हे तुमच्या लक्षात आलं नाही?"

खासनीस गोंधळले. त्यांनी सहादेवकडे पाहिलं. "सर, माझ्या वर्गात विद्यार्थी म्हणावा असा हाच एक होता."

"तो प्रश्न नाही. हा कानिफनाथ सुरवसे नाही."

"अरेरे," खासनीस म्हणाले, आणि त्यांना मनापासून वाईट वाटल्याचं दिसत होतं.

सहादेवला अजून कळेना, बिघडलं काय ते. त्यानं घरटी एक माणसाचा हिशोब सांगितला, आडाच्या गाळाचं सांगितलं, आई पाटी घेऊन गेली होती तेही सांगितलं. प्राचार्य सभ्य माणूस होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, गाळ कुणीही काढला तरी आड साफ होतो. इथं ज्याचं नाव त्याच्याच डोक्यात जायला पाहिजे. तुमचे अडतीस दिवस त्याला कसे मोजायचे?"

मग गहिनीनाथनं तांबड्या शाईची दौत पुढं ओढली आणि सत्तेचाळीस नंबरच्या ओळीवर एकेक खाना खोडायला सुरुवात केली. तो काळजीपूर्वक माणूस होता, एकदम आडवी रेघ मारली नाही. सहादेव बघत राहिला. पंधरावीस खाने तांबडे झाल्यावर त्याला कळलं की हे आपले दिवस जात नाहीयेत, कानिफनाथचे जाताहेत. टर्म गेली. टर्म गेली म्हणजे परीक्षा गेली. तो पोरगा दोन महिने उसात राबला तो वर्ष वाचलं या भरवशावर, आणि वर्ष तर आपण पहिल्या बाकावर बसून घालवलं. एकदा उसाची सवय झालेला पोरगा पुढल्या साली पुन्हा बाकावर येईल, याची खात्री कोण देणार? वस्तीवरून कॉलेजला गेलेला तो पहिलाच होता, आणि परत आलेलाही पहिलाच ठरणार होता.

"साहेब," सहादेव म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. "गुन्हा माजा हाय. मला काय ती शिक्षा करा. सत्तेचाळीस नंबर मारू नगा. त्यो सूर्यभानला आवाज काढायला लावनार हुता, म्याच नगं म्हनलो. आवाज काढला असता तर त्येची टर्म भरली असती, न्हाई का?"

गहिनीनाथची तांबडी लेखणी थोडा वेळ हवेतच राहिली.

प्राचार्यांनी कपाटातून विद्यापीठाच्या नियमांचं पुस्तक काढलं. त्यांनी ते चाळलं, मागं गेले, पुढं आले. "तुमचा भाऊ उसात का गेला?"

"माजा पाय मोडला म्हनून."

"कागद आहे?"

सहादेवनं बंडीच्या खिशातून सिव्हिलचा कागद काढला. चार घड्या, तारीख, शिक्का, डाव्या पायाचं हाड. प्राचार्यांनी तो नियमाच्या पुस्तकाशेजारी ठेवला.

"'विद्यार्थ्याचे अथवा त्याच्या निकटच्या कुटुंबीयांचे गंभीर आजारपण,'" त्यांनी वाचलं. "'अशा कारणास्तव प्राचार्य उपस्थितीची अट निम्म्यापर्यंत शिथिल करू शकतात.'"

"पण सर, पाय यांचा आणि गैरहजेरी त्याची," गहिनीनाथ म्हणाला.

"कुटुंबीय म्हटलंय, गहिनीनाथ."

"म्हंजी घरटी येक पाय चालतोय," सहादेव म्हणाला. त्याला त्यात विनोद वाटला नव्हता, पण खासनीस खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मग आकडेमोड झाली. टर्मचे एकूण दिवस शहात्तर. गेले अडतीस, उरले अडतीस. निम्मे म्हणजे अडतीस. उद्यापासून कानिफनाथ स्वतः, स्वतःच्या पायांनी, एकही दिवस न चुकता आला तर टर्म मिळेल. एक दिवस चुकला तर नाही.

"आणि अहो," प्राचार्य कागदाची घडी घालत म्हणाले, "हाच कागद नोव्हेंबरात आणून दिला असतात तर तुम्हाला इथं बसायची काही गरज नव्हती."

सहादेवनं विचार केला. "मग कोन बसलं असतं?" तो म्हणाला.

त्याच्याकडून जबाब लिहून घेतला गेला. चौथीच्या अक्षरात त्यानं लिहिलं : 'मी सहादेव सुरवसे. अडतीस दिवस बसलो. मन लावून बसलो. भावाचा यात दोष नाही.' गहिनीनाथनं तो जबाब फाइलला लावला. मग इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाला, "पाव्हणं, माझ्या मस्टरला तुमच्यासारखा एक जरी असता ना, तर मी ती नोकरी सोडली नसती."

दुपारी कोपरगावची एस.टी. मिळाली. दिवस कलायला आला तेव्हा सहादेव कारखान्यासमोर पोहोचला. उसानं भरलेल्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, आणि तिच्यात कानिफनाथ बैलांपुढं उसाचं वाढं टाकत उभा होता. हात काळे, गाल बसलेले, अंगावर सहादेवचाच सदरा. रतनबाई गाडीच्या दांडीला टेकून बसली होती.

"आलात का शिकून?" ती म्हणाली. "आमाला वाटलं, आता मास्तर हूनच येताय."

"तुज्या दिराला मोकळं कर आधी. साडेसातला कॉलेजात पायजे त्यो."

उसात शिरल्यापासून पहिल्यांदा कानिफनाथ हसला. मग त्यानं सगळं ऐकलं आणि त्याचं हसू गेलं. "आडतीस? येकबी न्हाई चुकवायचा?"

"येकबी न्हाई. मी चुकवला न्हाई."

सहादेव गाडीवर चढला आणि कानिफनाथ संध्याकाळच्या एस.टी.त. बैलांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा वाढं खायला लागले.

पुढच्या महिना-दीड महिन्यात काय झालं, ते सहादेवला कार्डांवरून कळत गेलं. कार्डं श्रीमंत मुकादम वाचून दाखवी. टोळीत अक्षरओळख दोघांना, पण मोठ्यानं वाचायचा मान मुकादमाचा. कानिफनाथ रोज जातो. फेब्रुवारीत त्याला ताप आला, तरी गेला. छगन दाजींनी पाठीला बांधून नेला म्हणे. गहिनीनाथ कारकून रोज पहिल्या तासाला स्वतः दारात येऊन सत्तेचाळीस नंबरचं तोंड बघतो, मग नाव विचारतो, मग बापाचं नाव विचारतो. खासनीस सर पहिल्या बाकाकडे बघतात आणि मग मागच्या भिंतीकडे बघू लागतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलेलं कार्ड श्रीमंतनं गाड्यांच्या रांगेत उभ्याउभ्याच वाचलं.

"'तीर्थरूप दादास शि. सा. न. वि. वि. टर्म मिळाली. अडतीस भरले. परीक्षेचा फॉर्म भरला.'"

रतनबाईनं पदरानं तोंड पुसलं. सहादेवनं बैलाच्या गळ्यातली दोरी सोडून पुन्हा बांधली. आधीची नीटच बांधलेली होती.

"म्होरं हाय," श्रीमंत म्हणाला. "'पण नोव्हेंबर ते जानेवारीत जे शिकवलं ते मला काही कळत नाही. सूर्यभानची वही कोरी आहे. त्यातला खंडाचा सिद्धान्त परीक्षेला हमखास येतो. खासनीस सर म्हणाले, तुझ्या भावाला विचार. तरी कळवावे.'"

श्रीमंतनं कार्ड खाली केलं. "खंडाचा शिद्धान्त? सादेवा, तुला म्हाईत हाय?"

"बसलो हुतो की त्या दिशी. कोरं कार्ड हाय का? तुमचं अक्षर बारीक हाय, तुमीच लिवा."

श्रीमंतनं खिशातून कार्ड काढलं आणि उसाच्या मोळीवर टेकवलं. सहादेवनं रांगेपलीकडच्या हिरव्यागार रानाकडे हात केला.

"लिवा. ह्ये कोपरगावचं रान. येका येकरात धा गाड्या. म्हनून ह्येला खंड, म्हंजी रानाचं भाडं, लई. मग त्येच्या खालचं रान, त्येला कमी. मग त्येच्या खालचं. असं खाली खाली येत गेलं की शेवटी येक रान येतं. त्येच्यात घातलं तेवढंच निघतं, वर काय न्हाई. त्येला खंड न्हाई. त्येला शीमान्त जमीन म्हनत्यात. आन् ती कशी हाय त्येच्यावर बाकी समद्यांचा खंड ठरतो."

श्रीमंत लिहिता लिहिता थांबला. "ह्ये शेवटचं म्हंजी आपल्याकडचंच की रं!"

"व्हय. आपलंच."

"पुस्तकात आपलं रान हाय? नाव घालून?"

"नाव न्हाई घातलं," सहादेव म्हणाला. "पन मी वळाखलं. म्होरं लिवा, कार्डावर जागा कमी हाय."